एका पावसाची हळद

काकांचा फोन आला तेव्हा मी दुपारचा डबा नुकताच उघडला होता. पलीकडून ना नमस्कार, ना चौकशी. "इलो पाऊस. काल रातीपासून वरडतत. येवचा आसा तर आजच नीघ. परवा बघूक गावतीत याची खात्री नाय." एवढं बोलून फोन बंद. कोण ओरडतंय, हे विचारायची गरज नव्हती. या फोनची मी दोन वर्षं वाट बघत होते.

आधीच्या दोन्ही पावसाळ्यांत हुकलं होतं. पहिल्या वर्षी रजा मंजूर होईतो चार दिवस गेले, काकांच्या गावी, दाणोलीला पोचले तर भाताच्या कुणग्यात नुसतं गढूळ पाणी, आणि काका पडवीत सुपारी कातरत म्हणाले, "लगीन झाला, मांडव मोडलो." दुसऱ्या वर्षी मी आधीच जाऊन बसले, तर मिरग कोरडा गेला. आठ दिवस उकड्या तांदळाची पेज आणि डास एवढंच पदरात पडलं. म्हणून यंदा डबा तसाच मिटला, घरी दुखणं आहे असं खोटं सांगितलं आणि दुपारची कोल्हापूरमार्गे सावंतवाडीला जाणारी गाडी धरली.

मला बघायचा होता बेडूक. सोप्यात सोपा, शेतातला, बारा महिने मातकट-हिरवट दिसणारा मोठा बेडूक, ज्याच्याकडे एरवी कोणी मान वळवून बघत नाही. शास्त्रीय नावात त्याला 'टायगेरिनस' म्हणजे वाघासारखा म्हटलं आहे, ते बहुधा पाठीवरच्या काळ्या डागांमुळे. पण मिरगाच्या पहिल्या दणक्याच्या पावसात यातले नर रंग बदलतात आणि पिकल्या लिंबासारखे पिवळे होतात. तेही एखादा दिवस, फार तर काही दिवस. मी त्यांचे फोटो शंभरदा पाहिले होते आणि दर वेळी मनात आलं होतं, कोणीतरी रंग चढवलेला दिसतोय.

गाडी आजऱ्याच्या अलीकडे पंक्चर झाली. पाऊण तास रस्त्याकडेला उभं राहून मी आभाळाकडे बघत होते. बाकीचे प्रवासी पाऊस थांबावा म्हणून बघत होते. मी एकटीच, थांबू नये म्हणून. आंबोलीत शिरलो तेव्हा धुक्यात पुढच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा दिसेनात. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणारं हे गाव. इथे धुकं खिडकीतून आत येऊन शेजारच्या सीटवर बसतं. मग घाट उतरला, कान दडपले, हवा एकदम कोमट झाली. दाणोलीला उतरले तेव्हा साडेदहा वाजले होते.

आवाज उतरल्या उतरल्या आला. त्याला 'डराव' म्हणणं म्हणजे नाटकाला नक्कल म्हणण्यासारखं आहे. वासराला लांब बांधलं की गाय जशी हंबरते, तसा घशातून वर चढणारा आवाज; एक थांबायच्या आत दुसरा, मग चहूबाजूंनी. कंदील घेऊन काका थांब्यावर उभे होते. विजेचे दिवे गेलेले होते, अर्थातच.

काका चाळीस वर्षं माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवत होते. घरी मालवणी, पण काही शिकवायचं म्हटलं की आपोआप पुस्तकी मराठीवर येतात. चिखलातून चालता चालता त्यांनी ऋग्वेद काढला. सातव्या मंडलातलं एकशे तिसरं सूक्त हे बेडकांचं आहे. वर्षभर व्रत धरून गप्प बसलेले बेडूक पहिल्या पावसात वेद म्हणणाऱ्या ब्राह्मणांसारखे बोलू लागतात, असं वसिष्ठांनी त्यात म्हटलंय. "आणि पुढे काय म्हणतात ठाऊक आहे? कोणी गायीसारखा ओरडतो, कोणी शेळीसारखा. कोणी ठिपक्यांचा, कोणी हरित. नाव एक, रूपं अनेक." मी म्हटलं, हरित म्हणजे हिरवा ना? काका थांबले. कंदील वर धरला. "वेदात हरित म्हणजे पिवळाही होतो. हे मी पोरांना तीस वर्षं हिरवा म्हणून शिकवलं. मग एकदा याच कुणग्यात उभा राहिलो आणि लाज वाटली." मग लगेच मालवणीवर आले: "चल, आधी जेव."

मला लगेच शेतात जायचं होतं. काकांनी जाऊ दिलं नाही. बॅटरीच्या उजेडात रंग बघू नये, सगळं खोटं दिसतं, सकाळी बघ, हा त्यांचा हट्ट. आज वाटतं, बरोबर होता.

त्या रात्री पहिला रंग बदलणारा बेडूक भेटला तो भलत्याच ठिकाणी. काकांची न्हाणी घराला चिकटून, बाहेरच्या बाजूला आहे. भिंतीला चुना, खाली काळा कडप्पा. हातपाय धुवायला मेणबत्ती घेऊन गेले तर कडप्प्यावर बादलीच्या सावलीत तीन बोटं लांबीचा एक झाडावरचा बेडूक बसलेला. बोटांच्या टोकांना चकत्या, मांडीच्या मागे पिवळे ठिपके, पाठ गडद तपकिरी, कॉफीच्या बियांसारखी. मी त्याला हात लावला नाही. सकाळी साडेसहाला पुन्हा गेले तर तोच महाशय खिडकीखाली भिंतीवर चढून पाय पोटाशी घेऊन झोपलेला, आणि रंग? जुन्या चुन्याचा. थोडी पिवळसर झाक, कडांना राखाडी. मांडीचे ठिपके दुमडीत लपलेले. मेणबत्ती नसती तर रात्री आणि उजेड नसता तर सकाळी, दोन्ही वेळा मी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं असतं. इंग्रज याला 'चुनाम ट्री फ्रॉग' म्हणत. तो चुनाम म्हणजे आपलाच चुना. साहेबाच्या बंगल्यातही हा न्हाणीघरातच राहत असणार.

आता एवढं बघितल्यावर कोणीही म्हणेल: लपण्यासाठी. काळ्या दगडावर काळा, पांढऱ्या भिंतीवर पांढरा. खोटं नाही. पण अर्धंच खरं आहे. बेडूक गार आणि ओला असला की गडद होतो, उबेत आणि कोरड्यात फिकट. रात्रीचा कडप्पा गार, ओला. सकाळची भिंत कोरडी, आणि थोड्या वेळाने तिच्यावर ऊन येणार. फिका रंग ऊन परतवतो, कातडी कमी तापते, अंगातलं पाणी कमी उडतं. म्हणजे न्हाणीतल्या बेडकाच्या अंगावर हवामानाचा अंदाज वाचता येतो, आणि आपल्या वेधशाळेपेक्षा त्याची खात्री जास्त.

मराठीत रंग बदलणं ही शिवी आहे. सरड्यासारखा रंग बदलतो, म्हणजे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. मला ही म्हण कधी आवडली नाही. सरड्याचं मला माहीत नाही, पण बेडूक रंग बदलतो तेव्हा तो काही दडवतो आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही. उलट अंगात काय चाललंय ते उघड करतो आहे असंच वाटतं. आपल्या गालांना जमतं तेवढंच, फक्त सबंध पाठभर.

सकाळी सात वाजता काका, त्यांचा दहा वर्षांचा नातू आणि मी बांधावर उभे होतो.

मी हे कसं सांगू? कुणग्यात घोटाभर पाणी, चहाच्या रंगाचं. त्यावर पाऊस बारीक पडतोय. आणि त्या चहात तीस-चाळीस लिंबं तरंगताहेत. फोटोत जे मला रंगवलेलं वाटलं होतं ते प्रत्यक्षात त्याहून भडक होतं. हळदीचा पिवळा म्हणावं तर हळदीत तांबूस छटा असते. हा त्याहून थंड, हिरव्याकडे झुकणारा पिवळा. बांधाच्या अगदी पायथ्याशी, माझ्यापासून हातभर अंतरावर एक नर होता. ओंजळीत मावणार नाही एवढा. पाठीवर उभ्या लांबट सुरकुत्या, मधोमध एक फिकट रेघ, डोळ्याभोवती सोनेरी कडं. तो ओरडला की गळ्याच्या दोन्ही बाजूंनी दोन फुगे बाहेर येत आणि ते निळे होते. कपड्यांना घालायच्या निळीसारखे निळे. पिवळ्या अंगावर निळे फुगे: कोणा चित्रकाराने हे केलं असतं तर मी त्याला जरा आवरतं घ्यायला सांगितलं असतं. फुगे आत गेले की गळ्याशी फक्त काळपट घड्या उरत.

नातू म्हणाला, "आजी म्हणता, तेंका हळद लागली." लागली होतीच. आणि नवऱ्या? त्या शोधाव्या लागल्या. बांधाच्या कडेने, गवतातून, नेहमीच्या मातकट-हिरवट अंगाने एखादी मादी यायची, नरांपेक्षा मोठी, पोट अंड्यांनी फुगलेलं. तिच्या अंगावर रंगाचा ठिपका नाही. ती पाण्यात उतरायच्या आत दोघे-तिघे तिच्याकडे झेपावत. एकमेकांना ढकलत, पाण्यात बुडवत, लाथा मारत. एकाने घाईत दुसऱ्या नरालाच मिठी मारली. त्याने असा काही घुसमटलेला आवाज काढला की पहिला लगेच सुटला. नातू हसून हसून चिखलात बसला.

त्या दिवशी दुपारी पडवीत, पागोळ्या मोजत, मी काकांना बेडकाची कातडी समजावून सांगितली. तेवढंच मला त्यांच्यापेक्षा जास्त येत होतं.

कॉलेजात आम्ही बेडूक कापला त्याच्या आधीची गोष्ट. प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत एक जुना झाडावरचा बेडूक होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं हिरवा. बरणीत होता निळसर. आम्ही म्हणायचो, शिपायाने चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. नंतर कळलं, दोन्ही खरं होतं. बहुतेक बेडकांच्या कातडीत हिरवा रंग नसतोच. वरच्या थरात पिवळ्या रंगद्रव्याच्या पेशी. त्यांच्या खाली दुसऱ्या पेशी, ज्यांत रंगच नाही, फक्त ग्वानिनचे चकचकीत पत्रे; माशाच्या खवल्याला जी चांदी असते तीच ही. या पत्र्यांवरून उलटून येतो तो निळा उजेड. निळा उजेड वरच्या पिवळ्या थरातून गाळून बाहेर पडला की आपल्याला दिसतो हिरवा. बरणीतल्या अल्कोहोलमध्ये पिवळं विरघळून गेलं, आरसे राहिले, म्हणून बेडूक निळा. जन्मजात पिवळ्या पेशीच नसलेला एखादा बेडूक जिवंतपणीही निळा दिसतो, आणि वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो.

तिसरा थर सगळ्यात खाली, आणि खरा खेळ तिथे आहे. या पेशींत मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांत असतं तेच काळं द्रव्य, बारीक कणांच्या रूपात. पेशी चांदणीसारखी, तिचे हात वर येऊन आरशांना मिठी घालतात. पेशी जागची हलत नाही. हलतात ते कण. काकांना मी शाळेचंच उदाहरण दिलं. शाळा भरली की सगळी पोरं एका वर्गात, गावाच्या गल्ल्या ओस. शाळा सुटली की तीच पोरं प्रत्येक गल्लीत. पोरांची संख्या तेवढीच, पण गाव भरलेलं दिसतं. कण पेशीच्या मध्याशी गोळा झाले की कातडी फिकट. हातांमधून पसरले की आरसे झाकले जातात आणि कातडी गडद. काही मिनिटांपासून काही तासांपर्यंतचं हे काम.

"म्हणजे हळद लावूक लागना नाय," काका म्हणाले.

नाही लागत. पिवळा आधीपासून कातडीत असतो. काही आपला आपण केलेला, काही खाल्लेल्या किड्यांतून आलेला. काळा मागे सरला की तो उघडा पडतो. ज्या बेडकांत ऋतूनुसार रंगद्रव्यच कमी-जास्त होतं त्यांना दिवस-आठवडे लागतात, पण कणांची ही ये-जा झटपट असते.

"आणि शाळेची घंटा कोण मारता?"

शिक्षकाचा प्रश्न. घंटा मारणारे एकाहून अधिक आहेत. मेंदूच्या खाली लोंबणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात येतं, ते कणांना पसरवतं. १९१६ साली अमेरिकेत बेडूकमाशांची ही ग्रंथी काढून पाहिली, तर काळी पिल्लं चांदीसारखी फिकट झाली. दुसऱ्याच वर्षी मॅककॉर्ड आणि ॲलन या दोघांनी गुरांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीचा अर्क बेडूकमाशांना दिला, तर तेही फिकट झाले, पण या वेळी वेगळ्याच कारणाने. त्या अर्कात नेमकं काय आहे, हे शोधायला चाळीस वर्षं लागली. येल विद्यापीठातला ॲरन लर्नर हा त्वचेचा डॉक्टर. कोडासारख्या विकारांवर यातून काही सापडेल, अशी त्याला आशा. ढीगभर गुरांच्या ग्रंथी वाटून, गाळून, प्रत्येक टप्प्याला बेडकाच्या कातडीचा तुकडा त्यात बुडवून बघायचा: फिकट झाला की माल यातच आहे. १९५८ साली त्याला तो मिळाला आणि त्याने नाव ठेवलं मेलॅटोनिन. माणसाची कातडी त्याने उजळली नाही. पण माझा न्यू जर्सीतला भाचा विमानातून उतरल्यावर झोप लागावी म्हणून जी गोळी घेतो, ती हीच. त्याला मी सांगितलं की तुझी गोळी बेडकाच्या पाठीवर तपासून काढलेली आहे, तर त्याने दोन दिवस घेतली नाही.

डोळ्यांचाही यात हात आहे. आंधळ्या बेडकाला खालच्या जमिनीशी रंग जुळवता येत नाही. वरून पडणारा उजेड आणि जमिनीवरून परतणारा उजेड यांचा हिशेब डोळे मांडतात आणि पिट्यूटरीला कळवतात. आणि तिसरी घंटा अॅड्रेनालिनची, धास्तीची आणि धुंदीची. ती पिवळ्या नरांची गोष्ट. तिला मी संध्याकाळपर्यंत राखून ठेवलं होतं.

काका मात्र वेगळ्याच गोष्टीकडे वळले. त्यांच्या तरुणपणी, याच दिवसांत, गोणपाट घेऊन माणसं यायची. तंगड्यांची परदेशात विक्री होती, किलोवर भाव. लग्नाच्या धुंदीतला पिवळा बेडूक बॅटरीच्या झोतात लांबून चमकतो, जवळ गेलं तरी पळत नाही. पोत्यात भरायला तेवढी एक रात्र पुरे. पुढे १९८७ साली केंद्र सरकारने तंगड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. गोव्यात मात्र 'जंपिंग चिकन' नावाखाली पहिल्या पावसात आजही चोरून पकडतात आणि वनखात्याची माणसं रात्री शेतांवर फिरतात. काकांनीही एकदा एक पोतं भरून दिलं होतं, कॉलेजच्या फीसाठी. "आवाज येय होतो पोत्यातसून," एवढंच म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

संध्याकाळी घाट चढून आंबोलीला गेलो. सातशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर वेगळंच राज्य. कड्याच्या कातळावर, ओंजळभर पाण्याच्या डबक्यांत एक चिमुकला, खडबडीत पाठीचा, अंगावर पिवळ्या छटा असलेला भेक (टोड) आपला संसार मांडतो. शास्त्राला तो वेगळी जात म्हणून ठाऊक झाला २००९ साली. संशोधक बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या प्रजातीला (जीनसला) 'झँथोफ्राइनी', पिवळा भेक, हे नाव दिलं. त्याचं घर या डोंगरापलीकडे जवळजवळ नाहीच. आम्हाला त्या रात्री चार दिसले: दोन कातळावर, दोन डांबरावर चपटे. धबधब्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आठ वाजले तरी संपत नव्हती. त्याबद्दल मी आणखी लिहिणार नाही; लिहिलं तर हा लेख दुसराच होईल.

ज्यासाठी वर आलो होतो तो होता साधा भेक, आपल्या अंगणातला, विटेच्या फटीत राहणारा, चामखिळींच्या पाठीचा. चेकपोस्टच्या पुढे एका खड्ड्यात ते शे-दीडशे जमले होते. नेहमीचे शेणकुटाच्या रंगाचे. पण त्यांतले काही नर पिवळे. दाणोलीच्या बेडकांसारखे तकतकीत नाहीत, पिवळ्या मातीने सारवल्यासारखे. आणि आमच्या डोळ्यांदेखत एकाने मादीची पाठ पकडली तेव्हा तो तपकिरी होता. काकांनी छत्री उघडून, मी चष्मा पुसून, पुन्हा बघेपर्यंत त्याच्या बगलांवर पिवळं चढायला लागलं होतं.

माझी समजूत अशी होती की हे सगळं मादीसाठी. मोराचा पिसारा, नवरदेवाचा फेटा, त्यातलंच. व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयातल्या संशोधकांनी याच भेकांवर काम केलं आहे, आणि ते वाचल्यावर मी हसले होते. नरांना अॅड्रेनालिन आणि त्याचं भावंड नॉरअॅड्रेनालिन दिलं की ते काही मिनिटांत पिवळे होतात, मादी जवळ असो वा नसो. मग त्यांनी भेकांच्या हुबेहूब बाहुल्या केल्या, काही पिवळ्या, काही तपकिरी, आणि गर्दीत ठेवल्या. नर तपकिरी बाहुल्यांवर तुटून पडले. पिवळ्यांकडे फारसं कोणी वळलं नाही.

म्हणजे पिवळा हा रंग नरांनी नरांसाठी लावलेला. अर्थ एवढाच: मीही तुझ्यातलाच, मला सोड, वेळ घालवू नको. एका रात्रीचं लग्न, अंधार, शेकडो वऱ्हाडी, आणि हलेल त्याला मिठी मारायची घाई. त्यात कोण कोण आहे हे लांबून कळलं तर दोघांचाही फायदा. जे बेडूक असे एकदम, गर्दीने, थोड्या दिवसांत विणीचं उरकतात त्यांच्यातच नरांचे हे तात्पुरते रंग जास्त आढळतात. युरोपातला दलदलीतला एक तपकिरी बेडूक वसंतात काही दिवस चक्क निळा होतो, तोही असाच घाईतला. दाणोलीच्या पिवळ्यांनाही हेच लागू आहे असं मी छातीठोक सांगणार नाही, पण तो घुसमटलेला आवाज काढणारा नर मला आठवला. बाई म्हणून एक सांगते: एवढा सगळा थाटमाट आपल्यासाठी नाहीच, हे त्या मातकट मादीला बहुधा आधीपासून ठाऊक असावं. ती कशी सावकाश चालत आली होती.

काकांना हे सांगितलं. छत्रीखाली ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या लग्नात पण फेटे एकमेकांचेच बघीत होतो."

घाटात दरड आल्याने दुसरा दिवस आंबोलीतच गेला. झाडाच्या फांदीला, पाण्याच्या वर लोंबणारं फेसाचं घरटं बघितलं, उडणाऱ्या हिरव्या बेडकाचं. आतली पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती खालच्या पाण्यात टपटप पडतात. बेडूक स्वतः पानावर पाय मिटून झोपला होता, पानाहून जरा जास्त हिरवा. त्याचा निळा खाली, पिवळा वर, असं मनात म्हणत मी त्याच्यासमोर अर्धा तास उभी होते. जळवांनी त्याचा पुरेपूर लाभ घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाणोलीला उतरलो तर सगळीकडे शांत. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं, काकांच्या शेजाऱ्याने कुणग्यात नांगर घातलेला. लिंबांचा मागमूस नव्हता. पाण्याच्या कडेला, गवताच्या मुळांशी, अंड्यांच्या चिकट झालरीतून सुटलेले बारीक काळे ठिपके वळवळत होते. याच बेडकांची पिल्लं मोठी होताना दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात, वेळ आली तर आपलीही.

नातवाने बांधाच्या फटीत बोट दाखवलं. तिथे एक बेडूक बसला होता. मातकट-हिरवट, पाठीवर काळे डाग, मधोमध फिकट रेघ. मी वाकले. "हो त्येतलोच?" मी विचारलं. काकांनी खांदे उडवले. मी आणखी वाकले, गुडघा चिखलात टेकला. बेडकाने एकदा गिळल्यासारखं केलं आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना, जबड्याखाली, त्या काळपट घड्या दिसल्या. मग तो उडाला तो सरळ नांगराच्या तासातल्या पाण्यात, आणि तिथे पाणी आणि तो एकाच रंगाचे होते.

घरी आलो तर काकी न्हाणीशी कपडे धूत होत्या. माझा चिखलाने भरलेला गुडघा बघून म्हणाल्या, "काय गो, गावलो नवरो?"

"गावलो," मी म्हटलं. "पण हळद धुऊन बसलो हा."

"मगे?" काकी म्हणाल्या. "कामाक नको लागूक?" आणि चुन्याच्या भिंतीवरच्या त्या फिकट बेडकाला सांभाळून त्यांनी बादली उपडी केली.